दोन किलोमीटर

अहो,

पत्र लिहायला बसले म्हणून हुरळून जाऊ नका. प्रेमाचं नाही हे. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, अडखळत वाचा. तुम्हाला आता कुठे जायचंय?

काल तुमच्या गास्पारची शेवटची शर्यत झाली. रिटायर झाला तो. चौदा वर्षं त्या फ्रेंच माणसाची सायकल टीव्हीवर बघितलीत आणि शेवट व्हायच्या पाच महिने आधी निघून गेलात. आता तुम्हाला सांगायला दुसरं कोण आहे? म्हणून मी.

तुम्हाला मीच गावाला नेलं, ते तरी कळलं का? दर वर्षी म्हणत होते, चला, जुलैत जाऊन येऊ. तुमचं एकच, "जुलैत शर्यत असते." शेवटी गेलात, विमानाच्या पोटात, सामानाबरोबर. मी वर खिडकीशी. तेरावं झालं आणि संजूने मला परत इथे आखातात, हवल्लीला आणलं. म्हणाला, आई, इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द झाला तर पुन्हा येता यायचं नाही. जसं काही मी इथे यायला तडफडत होते!

जुलै म्हटलं की मला हा हॉलच दिसतो. बाहेर पन्नास डिग्री, पडदे ओढलेले, एसी घरघरतोय, तुम्ही बनियनवर. समोर रंगीत शर्टांची टोळी डोंगर चढतेय. तीन आठवडे! पहिल्या वर्षी मला वाटलं, तुमचा गास्पार जिंकत असेल म्हणून बघता. कसला जिंकतोय! मागे गाडीपाशी जायचं, पाण्याच्या बाटल्या शर्टात कोंबायच्या आणि धापा टाकत पुढे नेऊन आपल्या म्होरक्याला द्यायच्या. म्होरक्याचं चाक पंक्चर झालं की स्वतःचं काढून द्यायचं. मग फोटो म्होरक्याचा.

"त्याचं कामच ते," तुम्ही म्हणायचात. "मी कंपनीच्या स्टोअरमध्ये जन्मभर दुसरं काय केलं? पाना मी द्यायचा, नाव इंजिनिअरचं. त्याच्याशिवाय तो म्होरक्या एक घाट चढणार नाही."

"आणि माझ्याशिवाय तुम्ही?"

"चहा टाक जरा."

असं तुमचं उत्तर. आणि मी टाकलाही!

सात वर्षांपूर्वीचा तो दिवस, त्यावर तुम्ही कधी बोलला नाहीत, आता मी बोलते. अक्का रत्नागिरीला दवाखान्यात होती. माझी एकुलती बहीण. जूनपासून म्हणत होते, मला पाठवा. "तीन आठवडे जाऊ देत, मग तिकीट काढतो." त्या दिवशी गास्पार पहिल्यांदा एकटा पुढे निघाला. मागचे सगळे मागे. तुम्ही खुर्चीच्या टोकावर. मी आत भाकऱ्या थापत होते, हात पिठात. फोन वाजला. तो तुमच्याजवळ टीपॉयवर. अक्काची लेक कुंदा होती.

"पाच मिनिटांनी कर गं. दोन किलोमीटर राहिलेत."

मी आतून विचारलं, कोणाचा?

"करेल ती नंतर."

गास्पारला त्यांनी रेषेच्या अलीकडे गाठलं, डोळ्यांदेखत. तुम्ही डोकं धरून बसलात. आणि मी मूर्ख, मला तुमची दया आली! पाठीवरून हात फिरवला तुमच्या. दोन तासांनी कुंदाचा फोन आला, तेव्हा अक्का गेलेली होती.

तुम्ही माफी मागितली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फोन तेवढा फ्रिजवर ठेवायला लागलात, माझ्या हाताशी. एका माणसाच्या बदल्यात फ्रिजवरची जागा. शर्यत मात्र बघितलीतच, उरलेले सगळे दिवस. आवाज बारीक करून.

तर कालचं. मी मुद्दाम लावली नव्हती, चॅनेल तुमचंच लागलेलं होतं. खोटं नाही लिहीत, मग बसले. पॅरिसात शिरताना त्यांची एक रीत आहे, तुम्हीच सांगितलेली. जो रिटायर होतोय त्याला बाकीचे थोडा वेळ पुढे सोडतात, कुणी गाठत नाही. गास्पारला सोडला. मोकळा रस्ता, दोन्हीकडे माणसं टाळ्या वाजवतायत आणि हा वळून वळून मागे बघतोय! हात पाठीच्या खिशाकडे. मागच्यांना काही हवंय का, म्हणून.

माझं टाळकं सटकलं. "अरे मेल्या, पुढे बघ ना! आज कुणाला पाणी द्यायचं नाहीये!"

सूनबाई धावत आली. "आई, कोणावर ओरडताय?"

"तुझ्या सासऱ्यावर," म्हटलं.

आणि फ्रिजवर फोन वाजला. कुंदा.

"मावशी, कामात आहेस का? नंतर करू?"

"नंतर नाही. आत्ता बोल."

टीव्ही बंद केला. गास्पार एकटाच पुढे होता, तसाच बंद केला.

सात वर्षं जे विचारायची हिंमत झाली नव्हती ते काल विचारलं. त्या दिवशी अक्काला मला काय सांगायचं होतं? कुंदा म्हणाली, "काही नाही गं. तिने तुला गुडघ्यासाठी तेल पाठवलं होतं ना? ते लागू पडलं का, विचार म्हणत होती."

ऐकलंत? तेल लागू पडलं का. मरता मरता तिला माझा गुडघा आठवला. आणि मला "पडलं गं, अक्का" एवढंच म्हणायचं होतं. किती वेळ लागला असता हो? तुमचा गास्पार काय तेवढ्यात खड्ड्यात जाणार होता?

तेल लागू पडलं होतं, हे तुम्हाला तरी माहीत आहे का? तुम्हीही कधी विचारलं नाहीत.

टीव्ही नंतर लावला नाही. तुमचा माणूस कितवा आला, रडला की हसला, की परत बाटल्या आणायला मागे गेला, मला माहीत नाही. संजू मोबाइलवर बघून सांगत होता, त्याला गप्प केलं. एवढं वाचत आलात ते त्याच्याचसाठी ना? माझ्यासाठी नव्हेच.

वचन देते. पुढच्या जुलैत मी अक्काच्या घरी, तिच्या ओटीवर असेन, इकामा राहो नाहीतर जावो. तिथे कुंदाचं ऐकेन, कुंदाशी बोलेन. आणि गास्पारचं शेवटी काय झालं, ते संजूला विचारून ठेवेन, वर आले की सांगेन तुम्हाला. लगेच नाही. आधी अक्काला भेटेन, तेलाचं सांगेन. तोवर तुम्ही थांबा.

तुमची नव्हे, अक्काची,
बायो