भागूबाईच्या तुपाचं गिऱ्हाईक

महाड,
६ नोव्हेंबर २०२२

ती. स्व. तात्यांस,
सारिकाचा सा. न. वि. वि.

दिवाळीला वाडीवर आले तेव्हा एक गोष्ट सांगायची राहून गेली. खरं म्हणजे धीर झाला नाही. माझं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालं, विषय मार्केटिंग. चाळिशी ओलांडल्यावर हे काय खूळ, असं तुम्ही म्हणाल असं वाटलं. सुधीर म्हणाले, की घरात आता अभ्यासाला बसणाऱ्या दोघी मायलेकी, आणि मोठीला उठवणं जास्त अवघड जाणार.

नीला मॅडम माझ्या मार्गदर्शक. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, की ऑनलाइन खरेदीवर सगळेच लिहितात, तुझ्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही. माझ्या तोंडातून निघून गेलं, की माझी आजी डोंगरातून तूप आणून महाडच्या बाजारात विकायची, आणि त्याच बाजारात माझे काका कंपनीचं वनस्पती तूप विकायचे. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. विषय तिथेच ठरला. धनगरवाड्यांवरचं तूप महाड-पोलादपूरच्या बाजारातून कसं गेलं, गिऱ्हाइकाचा विश्वास कशानं तुटतो आणि कशानं टिकतो.

तीस वर्षं तुम्ही वीरपासून कशेडी घाटापर्यंत एकूणएक दुकान पायाखाली घातलंत. आठवेल ते लिहून पाठवा. रेंजसाठी टेकाडावर उभं राहून ओरडण्यापेक्षा पत्र बरं, आणि तुमचं अक्षर मला अजून छापल्यासारखं वाटतं. आजीच्या तुपाचंही लिहा. ती गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तिच्या हातांचा वास तेवढा आठवतो.

काकीला नमस्कार. तुमच्या मायेवर लहानपणापासून हक्क सांगत आले आहे, तो यापुढेही चालवून घ्यावा.

आपली,
सारिका

---

धनगरवाडी, ता. पोलादपूर,
२७ नोव्हेंबर २०२२

चि. सारिकास,
सोनबातात्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोलादपूरला दूध घालायला जाणाऱ्यांनी आणून दिलं. काकीला वाचून दाखवलं, की सारिका डॉक्टर होणार. तिनं लगेच विचारलं, की गुडघ्यावर औषध देईल का. मी म्हटलं, ही माणसांची नाही, बाजाराची डॉक्टर. तर म्हणते, बाजाराला काय धाड भरली?

कंपनीत मी लागलो १९७९ साली. वाडीतला पहिला मॅट्रिक आणि पहिला बूटवाला. पण बुटात डोंगर उतरता येईना. मग बूट हातात घ्यायचे आणि पोलादपूरच्या स्टँडवर येऊन घालायचे. सगळे एसटीवाले हसायचे. पुढे तिथेच खोली घेतली, लग्न केलं.

कंपनीची एक जीप होती, तिच्यावर भोंगा. आम्ही बाजाराच्या कोपऱ्यावर स्टोव्ह मांडायचो, कढईत कंपनीचं तूप ओतायचो आणि पुऱ्या तळून फुकट वाटायचो. पुरी गरम असेपर्यंत माणसाला चव कळत नाही, फक्त वास कळतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. एकदा कशेडीत दरड आली आणि दोन दिवस गाड्या अडकल्या. ड्रायव्हर लोकांबरोबर आम्हीही अडकलो. चहाच्या टपऱ्यांवर जेवणं शिजायला लागली आणि जीपमधले सगळे डबे तिथल्या तिथे खपले. साहेबांना वाटलं, मी फार हुशार. दरडीचं नाव कुणी काढलं नाही.

आईचं म्हणशील तर ती मडक्यात तूप आणायची, तोंडाला सागाचं पान आणि वर फडकं. कुणी भाव पाडून मागितलं तर वाद घालायची नाही. बोटभर तूप त्याच्या मनगटावर चोळायची आणि वास घे म्हणायची. एवढंच. तुमच्या पुस्तकात याला काही नाव असेल.

तिच्याबद्दल जास्त मला लिहवत नाही. बाकी हवं ते विचार. जावईबापूंना आशीर्वाद. म्हाताऱ्याची आठवण धरतेस, ती अशीच धरून राहा.

तुझा,
तात्या

---

महाड,
२१ जानेवारी २०२४

ती. स्व. तात्यांस,
सा. न. वि. वि.

चौदा महिन्यांत सत्तेचाळीस घरं झाली. पोलादपूरच्या वरच्या वाड्या, नाते गावाकडच्या, वरंधा घाटाकडच्या. पूर्वी तूप विकणाऱ्या बायका किंवा त्यांच्या सुना-लेकी. सगळ्यांची गोष्ट एकच. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली आणि पंच्याऐंशीपर्यंत सगळ्यांनी बाजार सोडला. सत्तेचाळिसांतल्या सेहेचाळिसांनी.

सत्तेचाळिसावी आपली आजी! तिचं तूप शहाण्णवपर्यंत, म्हणजे ती जाईपर्यंत विकलं गेलं. बाजारपेठेतल्या सुहासशेठनी सांगितलं, की त्यांचे वडील दर पंधरा दिवसांनी तिचं अख्खं मडकं घ्यायचे आणि त्याच दिवशी ते उचललं जायचं. कोण न्यायचं, ते त्यांना ठाऊक नाही, ते तेव्हा शाळेत होते. दुकानाचे जुने कागद एकवीसच्या पुरात गेले आणि थोरले शेठ तर त्याआधीच.

मॅडमना कळवलं तर त्यांनी रात्रीचा फोन केला. म्हणाल्या, की हेच तुझं चौथं प्रकरण. कंपनीच्या जाहिरातीपुढे सगळे हरले असताना एक बाई निव्वळ विश्वासावर तेरा वर्षं कशी टिकली? मार्चमध्ये पुण्याला परिषद आहे, तिथे हा निबंध वाचायचा आहे. त्यांनी माझं नावही घातलं.

तात्या, ती गिऱ्हाइकं कोण होती? तुम्ही तेव्हा त्याच बाजारात होता. एखाद-दुसरं नाव जरी आठवलं तरी मी त्या घरी जाऊन येईन. आजीचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

लवकर लिहा. लोभ वाढता ठेवा, उत्तर तेवढं छोटं नको.

आपली,
सारिका

---

धनगरवाडी,
२ फेब्रुवारी २०२४

चि. सारिकास,
आशीर्वाद.

पत्र तीनदा लिहून फाडलं. आता हे जसं होईल तसं पाठवतो.

गिऱ्हाइकं नव्हती. एकच होतं. मी.

१९८३ची दिवाळी तोंडावर होती. महाडच्या बाजारात पुऱ्या तळत होतो. भोवती पन्नास-साठ बायका. मी भोंग्यावरून म्हणायचो, की डोंगरातलं तूप कुणी कशात कढवतं, कशात ठेवतं, कोण बघायला गेलंय? हा डबा कारखान्यात बंद होतो, माणसाचा हात लागत नाही. हे बोलणं कंपनीनं शिकवलेलं नव्हतं, माझं मीच जुळवलं होतं. साहेबांनी पाठ थोपटली होती. आणि लोकांना ते पटायचं, कारण सगळ्यांना माहीत होतं, की हा सोनबा डोंगरातलाच. हा सांगतोय म्हणजे खरं असणार.

त्या दिवशी बोलता बोलता समोर पाहिलं तर बायकांच्या मागे आई उभी होती, डोक्यावर मडकं. कधीपासून उभी होती, कुणास ठाऊक. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर लोकांना कळलं असतं. मी शेवटपर्यंत बोललो आणि तिनं शेवटपर्यंत ऐकलं. आमचा माणूस पुऱ्या वाटत होता, त्यानं तिच्याही हातावर एक ठेवली. तिनं ती खाल्ली. लुगड्याला हात पुसला आणि गेली.

संध्याकाळी कळलं, की तिचं मडकं तसंच परत चाललंय. मी थोरल्या शेठकडे धावलो. म्हटलं, आजपासून आईचं सगळं तूप तुम्ही घ्यायचं, पैसे माझे, आणि हे तिला कधी कळता कामा नये. तो भला माणूस. मरेपर्यंत बोलला नाही. तेरा वर्षं ते तूप माझ्या पोलादपूरच्या खोलीवर यायचं. तुझी चुलत भावंडं त्यावरच वाढली. काकी शेजारीपाजारी वाटायची. कंपनीचा माणूस घरात कंपनीचं तूप खात नाही, हे शेजाऱ्यांना माहीत होतं, कारण मात्र कुणाला माहीत नव्हतं.

म्हणजे पोरी, टिकली वगैरे कुणी नाही. सेहेचाळीस घरांसारखंच आपलंही घर बसलं, आणि बसवणारा मी. त्या सेहेचाळीस घरांत गेलीस तेव्हा त्यांनी तुला चहा दिला असेल. त्यांना हे माहीत नाही.

तुझ्या पुस्तकात खोटं जाऊ नये म्हणून लिहिलं. आईला त्यातून काढून टाक. माझ्यावर माया ठेवायची की नाही, ते तुझ्यावर सोडतो.

तात्या

---

महाड,
३ मार्च २०२४

ती. स्व. तात्यांस,
सा. न. वि. वि.

महिना झाला, उत्तर दिलं नाही. रागावले होते. आधी वाटलं, की आजीसाठी रागावले आहे. मग लक्षात आलं, की माझं प्रकरण बुडालं म्हणून रागावले आहे, आणि त्याची लाज वाटली.

सुधीरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की शेठ नाहीत, कागद नाहीत, तात्या कुणाला सांगणार नाहीत. निबंध वाचून ये. तात्या, खोटं कशाला सांगू, दोन दिवस मीही तसंच ठरवलं होतं. साडीसुद्धा काढून ठेवली होती. पण निबंधातलं एक वाक्य पुढे जाईना. ‘भागूबाईंच्या ग्राहकांनी’ एवढं वाचलं, की तुम्हीच डोळ्यांपुढे यायचात, शेठच्या दुकानाच्या मागच्या दारी मडकं उचलताना.

शेवटी नीला मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी परिषदेला पत्र लिहून निबंध मागे घेतला. मला वाटलं, संपलं. तर म्हणाल्या, की अगं, सेहेचाळीस घरांचा बाजार कशानं गेला हे तू दीड वर्ष शोधते आहेस. भाव कमी होता, डबा चकचकीत होता, ही कारणं कुणीही सांगेल. डोंगरातल्याच मुलानं डोंगरातल्या तुपावर शंका घेतली म्हणून लोकांनी ती धरली, हे कुणी लिहिलेलं नाही. ते लिही. एक वर्ष जास्त जाईल.

म्हणून विचारते. तुमचं ते पत्र मी वापरू का? सोबत संमतीपत्र आहे. नाव बदलायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. नको वाटलं तर कोरं परत पाठवा, मी पुन्हा विषय काढणार नाही.

माया आहे की नाही, असं पुन्हा लिहू नका. मला वाचवत नाही.

तुमचीच,
सारिका

---

धनगरवाडी,
१४ मार्च २०२४

चि. सारिकास,
आशीर्वाद.

सही केली आहे. नाव बदलू नकोस. सोनबा धोंडू ढेबे, असं पूर्ण लिही. वाड्यांवर काय बोलतील ते बोलू दे, मी आता तिथेच राहतो, ऐकून घेईन. आणि आईला काढू नकोस. भागूबाई धोंडू ढेबे. बाकीच्या घरांसारखा तिला नंबर देऊ नकोस.

एक काम माझं कर. तिला कळलं होतं का, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही. माझ्या बहिणीला, काशीला माहीत असेल. ती लग्नाआधी आईबरोबर बाजारात जायची, आणि नंतरही आई तिच्यापाशीच मन मोकळं करायची. तू नाते गावी तिच्याकडे जा आणि तिला विचार. जे असेल ते लिही, गोड करून नको.

वाट पाहतो.

तात्या

---

महाड,
१ एप्रिल २०२४

ती. स्व. तात्यांस,
सा. न. वि. वि.

काल नात्याला जाऊन आले. काशीआत्या अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मी विचारलं, तशी हात थांबवून म्हणाली, की इतक्या वरसांनी इचारतोय व्हय तो? मग सगळं सांगितलं. गोड करत नाही, जसंच्या तसं लिहिते.

आजीला दुसऱ्याच महिन्यात कळलं. बाजारातून परतताना ती तुमच्या खोलीवर टेकली होती. तुम्ही फिरतीवर होता. काकीनं जेवायला वाढलं आणि भातावर तूप घातलं. पहिल्या घासालाच तिनं ओळखलं. आत्याला म्हणाली, की आपल्या हातचं तूप वळखायला येत नाय व्हय गो. जेवण पुरं केलं, ताट उचललं आणि एसटीला गेली.

आत्यानं तेव्हा तिला म्हटलं, की मग कशाला डोंगर उतरतेस, बंद कर. आजी म्हणाली, की नाय गो, मी तूप न्यायचं थांबवलं तर त्यानं काय करावं? आत्या सांगते, की शेवटची चार-पाच वर्षं तिला म्हशींचं होत नव्हतं, टाचा फुटलेल्या असायच्या. तरी ती एक म्हैस ठेवून होती. तुमच्यासाठी. पुऱ्यांच्या त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली. सोनबा लय मोठ्यानं बोलत हुता, घसा बसंल त्याचा, एवढंच.

आत्यानं तुम्हाला निरोप दिला आहे, की विचारायला माणूस पाठवलंस, आता स्वतः ये. मे महिन्यात मी गाडी घेऊन येते. दोघं जाऊ.

सारिका

---

धनगरवाडी,
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. डॉ. सारिकास,
तात्याचे आशीर्वाद, आणि यापुढे थोडा मानाचा नमस्कारही.

हे मी काल गाडीतच लिहायला घेतलं होतं, पण वीर येईपर्यंत दोन ओळींपुढे गेलो नाही. तुझी तोंडी परीक्षा पाहायला मिळाली, हे माझं भाग्य. काशी यायला हवी होती. तिला मी सगळं सांगणार आहे, उद्याच जातो. आता महिन्यातून एकदा गेलो नाही तर ती शिव्या देते.

परीक्षेतलं मला अर्धं कळलं. पण त्या चष्मेवाल्या बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ते नीट कळलं. ते म्हणाले, की विकत घेणारा मुलगा आणि विकणारी आई, दोघांनाही सगळं माहीत, मग ही मागणी खरी धरायची की खोटी? तू म्हणालीस, की माझ्या शास्त्रात याचं उत्तर मला सापडलं नाही, आणि नसलेलं उत्तर मी लिहिलेलं नाही. तूप मात्र खरं होतं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. तुझ्या जागी मी असतो तर काहीतरी जुळवून बोललो असतो.

शेवटी सगळे टाळ्या वाजवत असताना शेजारी बसलेल्या प्राध्यापकांनी मला विचारलं, की आपण कोण? उमेदीची सगळी वर्षं हा प्रश्न मला दुकानादुकानांत विचारला गेला आणि मी प्रत्येक वेळी कंपनीचं नाव सांगितलं. काल मी म्हणालो, की महाडच्या बाजारात तूप विकायची ना भागूबाई, तिचा मुलगा.

सुधीररावांना आणि नातीला आशीर्वाद. आता मोठी झालीस, तरी पत्रं लिहायची सोडू नकोस.

तुझा,
तात्या