आठ वाजताचं खोटं

प्रिय धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. निदान माझ्या मानाने. रोज संध्याकाळी आठला तुझ्याशी फोनवर अर्धा तास बोलणाऱ्या बाईने पत्र कशाला लिहावं, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मधे बोलतेस, मी मधे बोलते, आणि आपल्या दोघींत तुझा आवाज मोठा. मला एक कबुली द्यायची आहे आणि ती पुरी होईपर्यंत तू गप्प राहायला हवीस. तुला गप्प बसवायचं तर कागदाशिवाय इलाज नाही.

तीन महिन्यांपूर्वी मी तपासणीला गेले होते. छातीचे डॉक्टर सगळं ठीक आहे म्हणाले, एवढंच तुला सांगितलं. खरं तर त्यांनी माझं औषध बदललं. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा ओढायचा तो पंप बंद. कॅप्सूल घालून ओढायची ती डबीही बंद. आता एकच चपटा इन्हेलर आहे, त्यात तिन्ही औषधं एकत्र, आणि तो दिवसातून एकदाच घ्यायचा, रोज ठरलेल्या वेळी. मी सकाळी सातची वेळ ठरवली. झाकण सरकवलं की टक् आवाज होतो, मग लांब श्वास ओढायचा, थोडा वेळ रोखायचा, चूळ भरायची, झालं. पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याची आठवण काढायची नाही. मधेच धाप लागली तर निळा पंप जवळ असतोच.

पहिल्याच दिवशी मी अक्कल पाजळली. समोरच्या मास्तरीणबाईंना नवीन यंत्र दाखवायचं म्हणून झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यांना तो टक् आवाज इतका आवडला की त्यांनीही एकदा उघडून बघितलं. खिडकीतला आकडा तीसवरून सत्तावीसवर कधी आला, ते दोघींनाही कळलं नाही. औषधवाल्याने समजावलं, झाकण उघडलं की एक मात्रा गेलीच, मग तुम्ही ओढा नाहीतर नका ओढू. एकतीस वर्षं बेकरीत यीस्ट ग्रॅमवर तोलणारी मी, आणि तीन दिवसांचं औषध टकटक करण्यात घालवलं! तेव्हापासून मास्तरीणबाई इन्हेलरला हात लावत नाहीत, पण आज आकडा काय, हे रोज सकाळी विचारतात.

त्या संध्याकाळी तुला हे सगळं हसत हसत सांगणार होते. आठला फोन वाजला, तू नेहमीसारखी आधी पंप घे म्हणालीस, आणि मी सांगायला तोंड उघडेपर्यंत तू मोजायलाही लागलीस. एक, दोन, तीन. मी श्वास रोखून धरला. तू दहा म्हणालीस तेव्हा सोडला. तू शाब्बास म्हणालीस आणि आपल्या गप्पा सुरू झाल्या. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी तोंडानेच फुस्स असा आवाज काढला. तुला शंका आली होती, आठवतं? आज पंपाचा आवाज वेगळाच येतोय म्हणालीस, आणि मी खुशाल ते फोनच्या माथी मारलं. गेले तीन महिने मी रोज रिकाम्या हाताने फुस्स करते आणि तू इमानेइतबारे दहापर्यंत मोजतेस.

तुला फसवण्याची हौस नव्हती गं, भीती वाटली. दोन वर्षांपूर्वी मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा मला पंप धड ओढता येत नव्हता, श्वास चार मोजेपर्यंतही थांबत नसे. तू नर्सकडून सगळं शिकून घेतलंस, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसलीस आणि मोजलंस. परत गेल्यावर फोनवरून मोजायला लागलीस. पाच, सहा करत दहावर यायला अडीच महिने लागले. त्याआधी आपण बोलायचो तरी किती? महिन्यातून एकदा. तब्येत कशी, बरी आहे, बरं ठेवू का. आई गेल्यावर तर तेवढंही राहिलं नव्हतं. हा आजार आला आणि मला बहीण मिळाली. संध्याकाळचं औषध गेलं तर संध्याकाळचा फोनही जाईल, असं मनाने घेतलं. साठी ओलांडलेल्या बाईने इतकं बावळट असू नये, पण आहे खरी.

औषधाचं म्हणशील तर ते मानवलंय. चमत्कार वगैरे काही नाही. फुफ्फुसांत जायचं ते पीठ कधीच जाऊन बसलंय. पण जिना चढताना दोनदा थांबायचे, आता एकदाच थांबते. परवा तर चालत जुन्या बेकरीपर्यंत गेले. भट्टीवाल्याने आत येऊ दिलं नाही, दारातच स्टूल टाकलं आणि पिठाच्या धुळीत पाय ठेवलात तर याद राखा म्हणाला. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस मलाच दम देतो! पण तिथे बसून बरं वाटलं. पाव जरा जास्त भाजतात हल्ली, तेही सांगून आले.

आता पत्राचं खरं कारण. तुझी लेक दोन दिवस राहायला आली, तिने नवा इन्हेलर पाहिला आणि संध्याकाळचा पंप कुठे गेला म्हणून विचारलं. मी हसत सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. ती म्हणाली, मावशी, आई नाटकाच्या विंगेतलं काम सोडून शिवणघरात गेली ती डोळे दुखतात म्हणून नाही, आठ वाजता प्रयोग रंगात असतो आणि तिथून फोन करता येत नाही म्हणून. तिच्याकडूनच कळलं, आता नाटक मंडळींचा चार महिन्यांचा दौरा निघतोय, कपडेपटाला त्यांना तूच हवी आहेस, आणि तू नाही म्हणून बसली आहेस. शुक्रवारपर्यंत त्यांना शेवटचं उत्तर हवंय म्हणे. धाकटे, अंधारात, नुसत्या बोटांनी, दीड मिनिटात नटीचा झगा बदलायचीस तू! ते सांगताना तुझा आवाज कसा व्हायचा, तो मी दोन वर्षांत ऐकलेला नाही आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. आधीचे दिवस तू माझ्या श्वासासाठी दिलेस, त्याबद्दल मी जन्मभर तुझी ऋणी आहे. हे तीन महिने मात्र माझ्या खोट्यापायी गेले, त्याची मला लाज वाटते. लेक उद्या परत निघतेय, तिच्याच हाती हे पत्र देतेय, म्हणजे ते शुक्रवारच्या आत तुला मिळेल. आधी त्यांना हो कळव, मग माझ्यावर हवी तेवढी ओरड. संध्याकाळी आठला फोन वाजला नाही की मला करमणार नाही, रडूही येईल, हे आता खोटं सांगत नाही. तरी करू नकोस.

तुझीच,
ताई