हेडर नेहमीच्या जागी आहे

रांतासाल्मी, ३ जुलै

तीर्थरूप तौनोमामांस,

धाकट्या भाचीचा, मार्केट्टाचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि हेल्वीमामींची टोमॅटोची रोपं बरी असतील. (मामी फोनवर रोपांबद्दल वीस मिनिटं बोलल्या आणि गुडघ्याबद्दल एकच वाक्य, त्यावरून गुडघा बरा असावा.) इकडे सगळं क्षेम, फक्त क्लबचा संगणक वारला.

तोच, तुम्ही जुळवलेला, लिनक्सवाला. कालेर्वोने, म्हणजे आपल्या खजिनदाराने, त्याच्यावर आख्खी किटली कॉफी ओतली. होड्यांची शर्यत ११ तारखेच्या शनिवारी. तुमचा प्रोग्राम चालला नाही तर पडद्यावर होड्या दिसणार नाहीत, आणि निकालासाठी पंच राइलीबाईंच्या शिट्टीवर आणि स्मरणशक्तीवर विसंबावं लागेल. प्रोग्रामची प्रत माझ्याकडे होती. दुसऱ्या संगणकावर चढवू, त्यात काय मोठं, असं मी सगळ्यांदेखत म्हणाले. तिथेच फसले.

आधी कालेर्वोचा मॅक घेतला (प्रायश्चित्त म्हणून त्यानेच आणून दिला). प्रोग्राम वाचून संगणकाच्या भाषेत उतरवणारा कंपायलर पहिल्याच ओळीवर अडला. चित्रं काढणाऱ्या टूलकिटची हेडर फाइल म्हणे सापडत नाही. आता हेडर म्हणजे दारात उभं राहून पाहुण्यांची ओळख करून देणारी घरधनीण. तीच नसेल तर आत कोण कोणाला ओळखणार? 'होडी काढ' म्हटलं तर कंपायलर होडी कोण म्हणून विचारतो. आणि त्या ओळीवर तुमची चौदा वर्षांपूर्वीची टीप, एवढीच: 'हेडर नेहमीच्या जागी आहे.'

मामा, ही टीप माझ्या ओळखीची आहे. शेडच्या किल्लीबद्दलही तुम्ही हेच लिहून ठेवलं होतं, आणि आम्ही खिडकीतून आत शिरलो होतो. (किल्ली सौनातल्या बादलीखाली निघाली.) तरी फोन केला. तुम्ही म्हणालात, "असेल की नेहमीच्या जागी," आणि फोन ठेवलात.

नेहमीची, पण कोणाची? लिनक्सवर ती 'जीएल' नावाच्या फोल्डरात राहते. मॅकवर तिचं बिऱ्हाड 'ग्लूट' नावाच्या फोल्डरात. मग राइलीबाईंचा संगणक घेतला, तर त्याच्या विंडोजवर तिला ठरलेलं घरच नाही, आणणारा ठेवील तिथे ती राहते. राइलीबाईंनी ती 'काकडीचं लोणचं' या फोल्डरात ठेवली होती, कारण तिथे जागा होती. चार दिवस मी या तीन घरांचे उंबरे झिजवले. राइलीबाई म्हणाल्या, "तुझा मामा सुकाणूवरही असाच. कुठे वळायचं ते याला ठाऊक, वल्हेवाल्यांनी ओळखायचं. पण वळायची हो बरोबर, मेल्याची होडी."

विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. तुमच्याच प्रोग्रामने तुमचीच होडी दोन दशांश सेकंदांनी दुसरी ठरवली, आणि तुम्ही रुसलात क्लबवर, त्याला या शर्यतीला दोन वर्षं होतील. तुम्ही गेल्यापासून आपली होडी दोनदा लव्हाळ्यात शिरली. मला तुमच्याशिवाय करमत नाही, हे सरळच सांगते.

मामींना नमस्कार, रोपांना आशीर्वाद.

तुमची, शोधून दमलेली,
मार्केट्टा

ता. क. हेडरबद्दल उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका. ती कालच सापडली. तुमच्या एका ओळीच्या मी पाच केल्या: मॅक असेल तर या दारातून ये, नसेल तर त्या. प्रोग्राम छान चालतो. टीपही खोडली नाही.

आणखी एक ता. क. चाचणीसाठी, तुम्ही रुसलात त्या शर्यतीच्या वेळा घालून पाहिल्या. मॅकवर आणि विंडोजवरही. मामा, तुमची होडी अजूनही दुसरीच येते.

शेवटचा ता. क. यंदा सुकाणूवर कोण, यावर बैठक झाली. कालेर्वोने स्वतःचं नाव सुचवलं, राइलीबाईंनी त्याला किटलीची आठवण करून दिली. तेव्हा चौदा वल्ही आहेत आणि सुकाणूवर कोणी नाही. शनिवारी सकाळी नऊला या. कुठे बसायचं विचाराल, तर नेहमीच्या जागी.