सातवा वाइडेलिन

२ जानेवारी
आजपासून प्रबंध. रोज पहाटे पाच. आमच्या ट्यूबिंगेन शहरात वाइडेलिन आडनावाचे सहा विद्वान होऊन गेले, तिघांच्या घरांवर 'इथे राहत होते' अशा पाट्या आहेत. त्यांच्यावरच लिहितोय. शेवटच्या प्रकरणाला नाव देऊन टाकलं: 'सातवा'. म्हणजे मी.

३ जानेवारी, सकाळी दहा
थंडी फार. विद्वानाने तब्येत सांभाळावी.

२० जानेवारी
सासूबाई केक घेऊन आल्या. प्रबंधाला अकरा वर्षं झाली, म्हणे. मी म्हटलं, चिंतन चालू आहे. तर म्हणाल्या, लग्नात बायकोचं आडनाव घेतलंत जावईबापू, पण डोकं काही त्याबरोबर येत नाही. क्नोल होतात तेच बरं होतं, नाव मोठं लक्षण खोटं तरी झालं नसतं! आल्मुट हसली. बायको असून हसली. वाईट वाटलं. केक दोनदा घेतला.

११ फेब्रुवारी
दाराला पुन्हा जिना झाडायच्या पाळीची पाटी. आठवडाभर जिना आमचा. खालच्या शेजारीणबाई फ्राउ हेगेले पायऱ्यांवर बोट फिरवून बघतात. अशा घरात संशोधन व्हायचं कसं? झाडू आल्मुटने घेतला. तिला तेवढाच व्यायाम.

६ मार्च
आल्मुट हल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर सारखं खरडत असते. शेवाळावरची जाडजूड पुस्तकं. तिच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या कामाचं असेल. टेबल मला हवं होतं, वंशवृक्ष पसरायला. मन मोठं केलं. सोफ्यावर पसरला. त्यावरच झोप लागली.

१९ एप्रिल
जूनमध्ये वाइडेलिन कुटुंबाचा मेळावा. नव्याने डॉक्टरेट मिळवलेल्यांचा सत्कार असतो. त्याआधी प्रबंध संपवायचा. सुरुवात आणि शेवटाचं नाव तयार आहे, फक्त मधलं उरलंय.

१४ मे
मंगळवारी विद्यापीठात येतोस का, आल्मुटने विचारलं. म्हटलं, मला अभ्यास आहे.

२ जून
घंटीवर नवी पाटी! 'डॉ. वाइडेलिन'. डोळे भरून आले. घरमालकाने माझी साधना ओळखली. थोडी घाई केली, पण काढायला सांगणं बरं दिसत नाही.

२ जून, संध्याकाळी
जिन्यात फ्राउ हेगेलेंनी अभिनंदन केलं. म्हटलं, अहो, थोडं बाकी आहे अजून. त्या म्हणाल्या, बाकी कसलं? बायको डॉक्टर झालीसुद्धा, अन् तुम्हाला पत्ता नाही?
आल्मुटला विचारलं, सांगितलं का नाहीस. कितीदा सांगितलं, म्हणाली, तू चिंतनात होतास. रागावून नाही, दमून म्हणाली. तेच लागलं.

३ जून
शेवटच्या प्रकरणातून मला काढलं, तिला घातलं. मधलं अजून उरलंच आहे.
पाळी आमची. जिना मी झाडला. फ्राउ हेगेले म्हणाल्या, कोपरे राहिले.