साच जोताची वाट

चंबा, २० जून १९७३

ती. सुबरनी बोबोस,
धाकटा भाऊ लालमणचा सा. न. वि. वि.

बर्फ वितळून साच जोताची खिंड उघडल्याचं कळलं आणि लगेच लिहायला बसलो. गुडघा कसा आहे? चौथीच्या मुलांसाठी आपल्या जिल्ह्याचा इतिहास-भूगोल लिहायचं काम मला मिळालंय. राजांच्या पिढ्या, देवळं, नद्या लिहून झाल्या. अडलंय ते आपल्या पांगी खोऱ्यापाशी. पाचव्या वर्षी बापूंनी मला शिकायला इकडे धाडलं, तेव्हापासून मी तिथला पाहुणाच. संस्थानाच्या काळात लोक जोत कसे ओलांडत? बापू सरकारी कामावर होते, ते नेमकं काय करत? शेजारच्या विधवेचं शेत ते आधी नांगरत आणि मग आपलं, हे मी इथे सगळ्यांना सांगतो. पुस्तकातही दोन ओळी घालीन म्हणतो.

सुनेकडून सविस्तर लिहवून घे. खेचरवाल्याबरोबर मिरचीच्या चुखाची बरणी पाठवली आहे. लोणचं तुझं एकटीचं नाही, हे ध्यानात असू दे.

माया आहे तशी ठेव.
लालमण

किलाड, ९ जुलै १९७३

चि. लालमणास अ. आ.

बरणी अर्धी झाली. आळ सुनेवर घालते, कारण नाक पुसत लिहितेय तीच.

बापू बेगारीला माणसं बोलवायचे. अंमलदार आला की कोणत्या घरातून कोणी ओझं उचलायचं, ते दारोदार सांगत फिरायचे. गेलं की मजुरी नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. मी नऊ वर्षांची होते, तू पाळण्यात. त्या कार्तिकात एका अंमलदाराला चंब्याला परतायची घाई झाली. आभाळ भरून आलं होतं. बापू शेजारी सुंगलूकडे गेले, मी त्यांच्या मागोमाग. सुंगलू तापाने फणफणला होता. त्याची बायको रतनू म्हणाली, दोन दिवस थांबा. बापू म्हणाले, “थांबणं माझ्या हातात नाही.”

अंमलदार सुखरूप पोचला. सुंगलू जोतावरच राहिला. बापू नांगरायचे ते शेत त्याचं.

इतकी वर्षं मी हे कोणाजवळ बोलले नाही. आपली सून हिमदेई सुंगलूची नात, हे तुला माहीतच आहे. आता लिहिता लिहिता ती थांबली. मी म्हटलं, राहू दे पोरी. ती म्हणाली, पुढचं सांगा. पुढचं मला ठाऊक नाही.

जिवाला जप.
सुबरनी

चंबा, २ ऑगस्ट १९७३

ती. बोबोस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. बापू मला इतके थोर वाटत, आणि तू चार ओळींत त्यांना खाली उतरवलंस. आठवडाभर पुस्तकाला हात लावला नाही. मग बापूंच्या दोन ओळी खोडल्या आणि नवं पान लिहिलं. आजारी सुंगलूला बेगारीला कोणी नेलं आणि तो कसा मेला, ते नावानिशी. नक्कल सोबत आहे.

हिमदेई कशी आहे? मी बापूंचा मोठेपणा सांगत जेवायचो आणि ती मुकाट्याने वाढायची. तिच्यासमोर कोणत्या तोंडाने यावं?

लालमण

किलाड, २६ ऑगस्ट १९७३

ती. मामाजींना हिमदेईचं पैरीं पैणा.

हे पत्र माझं मी लिहितेय. सासूबाई चार दिवस माझ्या पानात तूप वाढायच्या आणि मान वळवायच्या. शेवटी मीच म्हटलं, अशाने मी जाडी होईन. तेव्हा कुठे हसल्या.

तुमचं पान घेऊन रतनू दादीकडे, माझ्या आजीकडे गेले. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं. पुढच्या उन्हाळ्यात जोत उघडल्यावर तुमचे बापू एकटेच वर गेले. सुंगलू दादाला, माझ्या आजोबांना, शोधून पाठीवर खाली घेऊन आले आणि दारात बसून म्हणाले, “मीच नेला होता, मीच आणलाय.” दादी म्हणते, तिने त्यांना माफ केलं नाही आणि शेत नांगरायला मनाईही केली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने विचार करूनच होकार दिला होता.

पान मात्र तिला आवडलं नाही. म्हणाली, “आजारी होता, मेला, एवढंच? तापातही त्यालाच का नेला, ते विचार तुझ्या मास्तरला. वाट त्याला ठाऊक होती.” कुठला बर्फ पाय धरतो, कुठे ऊन चढायच्या आत पार व्हायचं, कुठे आवाज करायचा नाही, हे दादाइतकं कोणाला कळत नसे. त्या दिवशीही काठीने बर्फ चाचपत तो सगळ्यांच्या पुढे होता. म्हणून बाकीचे वाचले.

राग नसावा. कधीही या, हे तुमचंच घर आहे.
हिमदेई

चंबा, १८ सप्टेंबर १९७३

ती. बोबोस सा. न. वि. वि., चि. हिमदेईस अ. आ.

पुस्तक तपासणारे म्हणाले, राजांच्या धड्यात हमालाचं नाव शोभत नाही. दोन तास वाद घातला आणि हरलो. ते पान गेलं. मग मी भूगोलाचा धडा पुन्हा लिहिला. त्यात साच जोताची वाट आता अशी सुरू होते: ‘ही वाट किलाडच्या सुंगलूला सर्वांत चांगली ठाऊक होती. संस्थानाच्या काळात लोकांना बेगारीने ओझी वाहावी लागत. ताप असतानाही त्याला नेलं. बर्फ चाचपत तो सर्वांच्या पुढे चालला. बाकीचे पार झाले, तो झाला नाही.’ त्यापुढे त्याने सांगितल्या असत्या तशा खुणा. भूगोल तपासणाऱ्यांनी फक्त जोताची उंची बरोबर आहे का, ते पाहिलं.

खुणा दादीकडून पडताळून घ्यायच्या आहेत. जोत बंद व्हायच्या आत मी स्वतः येतोय. नेणारा कोण होता, ते छापलं जाणार नाही. ते मी तिच्या दारात उभं राहून सांगेन. आत बोलवायचं की नाही, ते तिने ठरवावं.

तुम्हा दोघींचा,
लालमण