ऑफिक्लाइड काचेत ठेवू नये

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने वादक, अविवाहित, छातीने थकलेली पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या पश्चात करायची व्यवस्था लिहून ठेवते. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. वाटणीवरून भांडेल असं कोणी जवळ नव्हतं.

१. राहत्या दोन खोल्या धाकट्या भावाला द्याव्यात. वाद्यवृंदातली ट्यूबा हे पितळी वाद्य वाजवायची कायमची नोकरी मी सोडली तेव्हा तो म्हणाला, "ताई, जगानं टाकून दिलेलं भंगार फुंकत बसणार तू?" त्यानंतर तो या घराचा जिना चढला नाही. आता मालक म्हणून तरी चढेल.

२. त्याचं ते भंगार म्हणजे ऑफिक्लाइड. उंच पितळी नळी, अंगावर मोठाल्या चाव्या, आवाज खर्जातला. ट्यूबा आल्यावर त्याला कोणी विचारीना, पण कित्येक जुन्या रचना त्याच्यासाठीच लिहिलेल्या आहेत. मला ते नाट्यगृहाच्या माळ्यावर सापडलं. शिकवणारं कोणी हयात नव्हतं. चाव्या कुलूपवाल्याने सरळ केल्या, फुंकायची रीत मी चाचपडत शोधली.

त्या कुलूपवाल्याला माझे दुसरे वाद्य द्यावे: सापासारखे वळलेले, चामड्याने मढवलेले लाकडी. त्याला ते वाजवता येत नाही, पण तो मला कधी हसला नाही.

३. वाद्यवृंदाच्या निवृत्त संचालकांना काहीही देऊ नये. "हिच्यापेक्षा म्हैस बरी रेकते," असं ते सर्वांदेखत म्हणाले होते. पुढे त्यांनीच मला जुन्या रचनेसाठी बोलावलं. त्या संध्याकाळी सगळं सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत भावासाठी राखलेली खुर्ची तेवढी रिकामी. मग गावोगावची आमंत्रणं आली. हॉटेलच्या खोलीत वाद्य समोरच्या खुर्चीत टेकवून मी जेवत असे.

४. संग्रहालयाने ऑफिक्लाइडसाठी काचेचं कपाट देऊ केलं आहे. तिथे ते देऊ नये. श्वासाशिवाय ते नुसतं पितळ.

ते माझ्या एकुलत्या एक शिष्येला द्यावे. "बाई, यावर घर चालत नाही," म्हणून ती ट्यूबाकडे वळली. तिचं खरं होतं. मी सोडलेल्या जागेवर आज ती बसते. डॉक्टरांनी माझं फुंकणं बंद केलं, तेव्हा कित्येक वर्षांनी मी तिला फोन केला.

"घेशील का?"

ती म्हणाली, "चाव्यांखालच्या चामडी गाद्या कधी बदलल्यात?"

नुसतं ठेवून देणारं माणूस हे विचारत नाही. म्हटलं, "याच महिन्यात."

अट कोणतीही नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ३ मार्च
सही

वरील मजकूर बाईंनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्यादेखत सही केली. मध्ये दोनदा दम खायला थांबल्या.
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचा शिंपी २. दवाखान्यातली परिचारिका