बाहेरून गिलावा नको

२ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शिकून शेवटी मातीच्याच भिंतींत राहायचं होतं, तर शिकलीस कशाला? मी निघताना आत्याने बसच्या खिडकीशी उभं राहून विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. घरातली पहिली पदवी माझी, आणि पहिल्याच प्रश्नात नापास!

तरी घर मातीच्या विटांचंच. पायाच्या खड्ड्यातली माती दाबून वाळवायची. भट्टी नको, धूर नको. छप्पर भिंतींच्या दोन हात पुढे काढा, म्हणजे पाऊस अंगावर येणार नाही. आणि बाबा, बाहेरून गिलावा नको. खाली दोन रेघा मारल्या आहेत, बघा.

मार्चच्या शेवटच्या रविवारी गल्लीतल्या बारा घरांना आपलं घर बघायला बोलावते आहे. आत्याच्या घराचा पाया खणून झालाच आहे. त्या दिवशी पटलं तर तीही मातीचं बांधेल, नाहीतर सोमवारी सिमेंट मागवेल, असं तिने बजावलं आहे.

आईला विटा उचलू देऊ नका. ऐकत नसेल तर माझं नाव सांगा, म्हणजे मुळीच ऐकणार नाही.

जीव लावता तसाच लावत राहा.
तुमची मुलगी

२४ फेब्रुवारी

चि. मास्तरणीस,
अनेक आशीर्वाद.

भिंती उभ्या राहिल्या. ओळंब्यात केसाचाही फरक नाही. छप्पर पुढे काढलं. तुझी आई म्हणते, घराने टोपी डोळ्यांवर ओढली आहे.

आता आनंदाची बातमी. बारा घरं येणार म्हटल्यावर गवंड्याच्याच घराची भिंत उघडी कशी ठेवू? लोक विचारतील, सिमेंट संपलं की हात चालेनात? तीन दिवस खपून समोरून असा गिलावा चढवला आहे, की त्यात बघून भांग पाडावा. मास्तरणीसारख्या मारलेल्या तुझ्या दोन रेघा पाहिल्या होत्या. पण बापाला त्रास नको म्हणून मुली नको म्हणतात, एवढं मला कळतं.

पोटभर जेवत जा.
तुझे बाबा

१ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि कपाळाला हात लावून बसले. शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं आणि हळूच विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, भिंत.

बाबा, मी नको म्हणते तेव्हा मला नकोच असतं!

रागावले आहे, तरी तुमचीच.

१० मार्च

चि. मास्तरणीस,
आशीर्वाद.

तुझ्याआधी भिंतच रागावली. गिलावा पोकळ वाजतो आहे. काल ताटाएवढा पोपडा सुटला. तुझी आत्या येता-जाता त्यावर टकटक करते आणि घरात कोणी आहे का, म्हणून विचारते. बाजूच्या उघड्या भिंती मात्र खडखडीत.

तीस वर्षांत माझा गिलावा असा वाजला नव्हता. चुकलं माझं. पण नको लिहिलंस, तसं का नको तेही एका ओळीत लिहिलं असतंस, तर ती ओळ मी तीनदा वाचली असती.

आता खरवडायला जावं तर विटांची तोंडं उडतील. रविवार रद्द कर. गल्लीने ही भिंत पाहिली तर उद्या मला काम कोण देईल?

बाबा

१७ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कान धरले. कॉलेजात मला प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलं गेलं, आणि तीस वर्षं भिंती बांधणाऱ्या माणसाला मी नुसता हुकूम धाडला! कारण एवढंच: मातीतली ओल बाहेर पडावी लागते, सिमेंट तिला आत कोंडून ठेवतं.

मी हे गल्लीपुढे सांगितलं तर आत्या पहिल्या वाक्याला जांभई देईल. पण तुम्ही ती भिंत ठोकून ऐकवलीत, मग उघड्या भिंतीवर तिचा हात ठेवलात, तर ती ऐकेल. आणि काम कोण देईल म्हणता? आपल्या भिंतीचं दुखणं न लपवणाऱ्या गवंड्याला मी तरी डोळे मिटून घर बांधायला देईन.

तुम्ही नको म्हणाल, आणि तुमचंही नको खरंच असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून विचारत बसले नाही. निमंत्रणं नव्याने लिहिली. वर माझी चूक, खाली तुमची, आणि शेवटी: मातीची भिंत कशी बांधावी, ते रविवारी चार वाजता आमचे बाबा शिकवतील.

माया आटू देऊ नका. बाराही पत्रं, आणि तेरावं आत्याचं, आज सकाळीच टपालपेटीत टाकली.

तुमची मुलगी